शेवंताची खोड

पिंपळीच्या आप्पासाहेबांना फुकट मिळालेली गोष्ट कधी पचली नाही. विकत घेतलेली पचायची, भांडून मिळवलेली तर तुपासारखी पचायची. पण कुणी हसत हसत हातावर काही ठेवलं, की यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा. वाण्यानं चार शेंगदाणे जास्त घातले, तर हा गडी घरी येऊन एकेक दाणा फोडून बघणार, किडका कुठला ते. "हितं पाणी मुरतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची बायको दगडाबाई म्हणायची, "अवं, उसाचं रान हाय आपलं. पाणी मुरायचंच की! सगळ्या जगाला कशाला बांध घालत बसताय?"

तर अशा माणसाला फुकटात घोडी मिळाली. आता बोला.

झालं ते असं. त्यांच्या पोराचं, दिग्विजयचं, लग्न ठरलं पळसदेवच्या गेणबा तात्यांच्या प्राचीशी. लग्नात नवरदेव तात्यांच्याच घोडीवर बसला. अबलख घोडी, कपाळावर टिळा, नाव शेवंता. उजनीचं पाणी उतरलं की मागं जी गाळाची रानं उघडी पडतात, त्या गाळपेरावर म्हशींच्या संगतीनं मोकळी चरून वाढलेली. हलगी वाजली आणि ती अशी नाचली, की आप्पासाहेब भर मांडवात बोलून गेले, "पाव्हणं, पोरगी दिली तशी ही बी देऊन टाका!" बोलले थट्टेत. पण गेणबा तात्या पडला मोकळा माणूस. तो म्हणाला, "न्या की. पोरीच्याच हातची हाय. पोरीला बी करमंल."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेब हसले खरे, पण जेवणात त्यांचं लक्ष लागेना. मागितली आणि दिली? इतकी सहज? जिला बघून गाव येडं होतं, ती घोडी हा माणूस नुसत्या शब्दावर सोडतो? नक्की काहीतरी खोड असणार.

घोड्याच्या बाजारात हा शब्द फार जपून वापरतात. भलत्या जागी केसांचा भोवरा असला तर ती खोड. चावणं, लाथा झाडणं, अडून बसणं, ही पण खोड. खोडीचं जनावर लपवून दिलं तर सोयरीक तुटते, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. म्हणून घोडी न्यायला पिकअप गेली तेव्हा आप्पासाहेबांनी शेवंताचा एकेक भोवरा तपासला. ओठ उलटून दात बघितले, खूर उचलून बघितले. खोट काही सापडेना. न सापडल्यानं तर शंका दुप्पट झाली.

घोडी गाडीत चढली, आणि मागनं गेणबा तात्यानं मांडीएवढा जाड बाभळीचा एक ओंडका आणून तिच्या पायाशी टाकला. निम्मी साल सोललेली. "हे बी न्या, पाव्हणं. लागंल तिला."

घोडीला लाकूड कशाला लागंल? ही काय चूल पेटवणार आहे? आप्पासाहेबांनी पिंपळीला उतरल्या उतरल्या हुकूम सोडला, "आपल्या नव्या तबेल्यात असली काटेरी घाण नको. टाका ती बंबात."

तबेला खरोखर बघण्यासारखा बांधला होता. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, आणि गव्हाणीला काठानं अस्सल सागवान. गावच्या जत्रेत शेवंताला नाचवायची, आणि ती कशी दिसली पाहिजे, तर सडपातळ, चकचकीत. म्हणून खुराक ठरला. भिजवलेला हरभरा, पेंड, गूळ, वरनं कवळा लसूणघास मूठभर. कडबा एकदम बंद. "कडब्यानं पोट सुटतं," आप्पासाहेब म्हणाले. "ती काय म्हैस हाय का?" आणि बांधायची सावलीत, दिवसभर. उन्हात फिरली तर रंग उतरंल ना बाईचा!

थोडे दिवस गेले आणि एका सकाळी गव्हाणीचा काठ कुरतडलेला दिसला.

आप्पासाहेब म्हणाले, घूस असंल. सापळा लावला. घूस काही सापडली नाही, आणि काठ मात्र आणखी बोटभर गेला. मग एकदा भर सकाळी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. शेवंतानं मान वाकडी केली, सागवानात दात रोवले, आणि करकर करकर, भाकरीचा पापुद्रा काढावा तसा लाकडाचा पापुद्रा काढून शांतपणे चावला.

"घावली!" आप्पासाहेब ओरडले. त्यांना दुःख व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. इतके दिवस मुरत असलेलं पाणी अखेर वर आलं होतं. "लाकूडखाऊ हाय घोडी. म्हणून तर दिली फुकटात. आरं वा रं, गेणबा!"

मग सुरू झाले उपाय. काठाला मिरचीचा ठेचा फासला. शेवंतानं तो चाटूनपुसून साफ केला. दगडाबाई म्हणाली, "माज्या हातचा ठेचा हाय, तिला आवडणारच." मग ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासलं, तर ती काठ सोडून दाराची फळी खायला लागली. दिग्विजयनं फळीला पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, तर ती खुंटीकडे वळली.

शेवटी बारामतीहून जनावरांचा डॉक्टर आणला. त्यानं तोंड बघितलं, पोटाला नळी लावून ऐकलं, गव्हाणीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "आप्पासाहेब, हिला रोग काही नाही. हिला चोथा कमी पडतोय. घोड्याचं पोट दिवसभर चरायला केलेलं असतं. तुम्ही खुराक देता, तो ती घटकेत संपवते. मग उरलेला दिवस करायचं काय? कडबा द्या भरपूर, मिठाचा खडा टांगा, आणि रोज मोकळी सोडा. खायची थांबेल."

डॉक्टर गेला. आप्पासाहेब कितीतरी वेळ ओट्यावर विचार करत बसले. मग हळूच दगडाबाईला म्हणाले, "ह्या डॉक्टरच्या मेव्हण्याचा कडब्याचा धंदा हाय का गं?"

"मला काय म्हाईत!"

"असणार. हितं पाणी मुरतंय."

झालं. कडबा राहिला बाजूलाच.

आता संशयाचं एक असतं. तो एका खुंटीवर टांगून राहत नाही. घोडीवरनं तो व्याह्यावर गेला होता, आता तो सुनेवर आला. प्राची घरात येऊन वर्ष होत आलं होतं. पोरगी कामाला वाघीण, पण बोलायची कमी. आणि तिला एक सवय होती, बसल्या बसल्या ओढणीचं टोक चावायची. सगळ्या ओढण्यांची टोकं विसविशीत झालेली. आप्पासाहेबांनी ते टिपून ठेवलं होतं. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस पदर कशाला चावंल? आणि घोडी तिच्याच हातची ना? मग हिला खोड माहीत नसंल होय?

त्यात भर पडली एका फोनची. दुपारी जेवून आप्पासाहेब आत आडवे झाले होते. प्राची परसात फोनवर वडिलांशी बोलत होती. भांडी घासण्याच्या आवाजात सगळं काही कळत नव्हतं, पण एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं: "तात्या, आप्पांना अजून म्हाईत न्हाय... व्हय, खोड लपवून ठिवलंय म्या... न्हाय, तुमी काय बोलू नगा. कळलं तर घरात तमाशा व्हईल."

आप्पासाहेब ताडकन उठून बसले. बाप लपवतो, लेक लपवते! आता शाळेत मन लावून शिकलेला माणूस इथं थोडा थबकला असता. 'खोड लपवली' म्हणाली का 'खोड लपवलं' म्हणाली, एवढं तरी त्यानं बघितलं असतं. पण संशयाला कुठलं आलंय लिंग आणि वचन?

त्यांनी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. रंगेहाथ पकडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी झोपायचं सोंग घ्यायचे, आणि खिडकीच्या फटीला डोळा लावायचे. प्राची रोज एक झाकलेली पाटी घेऊन तबेल्यात जायची. बरीच रेंगाळायची. बाहेर यायची तेव्हा पाटी रिकामी, ओढणी झटकलेली. आप्पासाहेब मग हळूच जाऊन बघायचे. गव्हाण स्वच्छ. शेवंता डोळे मिटून रवंथ केल्यासारखा जबडा हलवत उभी. आणि नवलाची गोष्ट म्हणजे तिनं त्या दिवसांत लाकडाला दात लावला नव्हता.

"औषध!" आप्पासाहेबांनी ताडलं. "गुंगीचं औषध चारती. बापानं दिलं असणार. खोड झाकायची, आणि एकदा का जत्रा पार पडली, की आपण बसायचं बोंबलत."

त्यांनी बारामतीहून नवं कुलूप आणलं आणि तबेल्याला ठोकलं. किल्ली करदोट्याला. "आजपास्नं घोडीचं मी बघंन. दुसऱ्या कुणी आत जायाचं न्हाय."

प्राचीच्या तोंडाचा रंग उतरला. "आप्पा, तिला दुपारचं मला जरा—"

"म्हणलं ना, मी बघंन!"

ओढणीचं टोक तिच्या तोंडात गेलं. आप्पासाहेबांनी ते बघितलं आणि मनात म्हणाले, चोराच्या मनात चांदणं.

कुलूप लागून आठवडाही नसेल झाला. घरी दगडाबाईच्या माहेरची माणसं आली होती. त्यांना घोडी दाखवायला म्हणून आप्पासाहेबांनी शेवंताला बाहेर काढलं. मोकळं वारं लागलं मात्र, तिनं हिसडा मारून दावं सोडवलं आणि कुठं जावं? तिथंच अंगणात गोल फिरून ती थेट घराच्या मुख्य दाराशी आली. आणि भर पाहुण्यांच्या देखत तिनं चौकटीत दात घातले. ती चौकट आप्पासाहेबांच्या आईनं पुजलेली होती. दर दसऱ्याला तिला तोरण लागायचं. शेवंतानं हळदीकुंकवासकट तिचा कोपरा काढला आणि चावत उभी राहिली.

कुणीतरी म्हातारी पुटपुटली, "चौकट खाल्ली गं बाई. घर खायला उठली घोडी."

आप्पासाहेबांनी चौकटीकडं बोट दाखवलं. "बगा! औषध थांबलं आन्‌ खोड वर आली! गाडी काढ रं, दिग्विजय. ही ब्याद आजच्या आज पळसदेवला. तुज्या सासऱ्याच्या दारात, चार माणसांसमोर विचारतो त्येला."

दिग्विजयनं आईकडं बघितलं. दगडाबाई काही बोलणार, एवढ्यात प्राची आतून बाहेर आली. तिच्या हातात बॅग होती.

"तू कुठं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"घोडी माज्याबरुबर आली व्हती," प्राची म्हणाली. आवाज हलत होता, पण शब्द एकही हलला नाही. "खोडीची म्हणून ती परत चालली, तर मी बी त्याच घरची हाय. उद्या माज्यात बी काय घावंल तुमाला. त्यापेक्षा आजच जाते."

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. दिग्विजय म्हणाला, "प्राची, अगं ऐक—" पण ती गाडीत जाऊन बसली होती. दगडाबाईनं नवऱ्याला बाजूला ओढलं आणि दात आवळून म्हणाली, "पोरगी परत आणली न्हाय, तर ह्या चौकटीतनं तुमी बी आत येऊ नगा. सांगून ठिवते."

गाडी भिगवणवरून पळसदेवच्या वाटेला लागली. मागं शेवंता मधूनच गाडीची फळी खायची, करकर करकर, आणि तो आवाज आला की आप्पासाहेब समोर बघत म्हणायचे, "ऐका." दिग्विजयच्या मुठी स्टिअरिंगवर घट्ट होत होत्या. सून परत नाही आली तर या पोराचं तोंड आपल्याला जन्मभर असंच बघावं लागणार, हे आप्पासाहेबांना कळत होतं. पण आता मागं फिरायचं कसं? जीभ पुढं गेली होती ना.

उजनीचं पाणी लांब मागं हटलं होतं. जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. गाळपेरावरची ज्वारी निघून नुसती धसकटं आणि वाळलेलं गवत राहिलं होतं. गेणबा तात्या काठावर उलट्या टाकलेल्या लाकडी नावेपाशी जाळं निवडत बसला होता. गाडी बघून हसत उठला. "या, या पाव्हणं! आन्‌ माजी माय बी आली?"

"हसू नगा," आप्पासाहेब कडाडले. "खोड लपवून दिली तुमी मला!"

गेणबाच्या हातातलं जाळं खाली पडलं. खोडीचा आळ म्हणजे काय, ते त्याला सांगायला नको होतं. आसपासची दोन-चार माणसं जवळ आली. गेणबा गोंधळून म्हणाला, "खोड? लपवून कसलं? तुमच्या डोळ्यादेखत गाडीत टाकलं की मी!"

"काय टाकलं?"

"खोड! बाभळीचं. म्हणलं नव्हतं का, लागंल तिला म्हणून? हितं पावसाळ्यात पाणी वर आलं की तिला बांधून ठिवावं लागतं. मग दात शिवशिवत्यात तिचं. एक खोड टाकून दिलं की तेच कुरतडत बसती, दुसऱ्या लाकडाला तोंड लावत न्हाय. तुमी काय केलं त्येचं?"

बोलली ती प्राचीच. "आप्पा बंबात टाका म्हणाले व्हते. मी मोटारीच्या खोलीमागं ताडपत्रीखाली लपवून ठिवलं. म्हणलं, कधीतरी ऐकतील. तेच तुमाला फोनवर सांगत व्हते."

"आन्‌ पाटी?" आप्पासाहेबांचा आवाज चिरकला. "त्या पाटीत काय न्यायचीस रोज? खरं सांग."

"कडब्याची कुट्टी. आन्‌ खडेमीठ. डॉक्टर सांगून गेला व्हता तेच."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

प्राचीनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं?"

आप्पासाहेबांना चटका बसल्यासारखं झालं. पण शंकेखोर माणूस एवढ्यानं आडवा पडत नाही. "बोलायला काय जातंय?" ते म्हणाले. "सोडा घोडीला हितं. ही बगा नाव, लाकडाची. आत्ता खाती का न्हाय, मी हितंच बसतो."

दिग्विजयनं शेवंताला उतरवून सोडलं. तिनं अंग झटकलं, एकदा लोळून घेतलं, आणि धसकटं, वाळलेलं गवत ओरबाडत चरायला लागली. चरत चरत नावेपाशी आली. आप्पासाहेब पुढं वाकले. शेवंतानं नाव हुंगली, फुर्र केलं, आणि नावेच्या सावलीत उगवलेलं वाळकं गवत खाऊन पुढं गेली.

आप्पासाहेब उठले. इकडंतिकडं बघून त्यांनी नावेवरनं बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "डांबर लावलंय!" ते म्हणाले. "म्हणून खात न्हाय."

"नावेला डांबरच लावत्यात, पाव्हणं," गेणबा म्हणाला. त्याला हसावं का रडावं कळेना. "तितं कुंपणाच्या मेढी हायेत. त्येला काय लावलं न्हाय. बगा तितं बी."

तिथं पण बघितलं. ऊन कललं तरी आप्पासाहेब बसून होते. शेवंता मेढींच्या कडेनं दोनदा गेली आणि एकाही मेढीकडं तिनं मान वळवली नाही. खायला होतं, फिरायला होतं, लांब म्हशी होत्या. लाकडाची तिला आठवणच राहिली नव्हती.

पाठीमागं हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, खळखळून. आप्पासाहेबांना वाटलं, गावातली कुणी पोरगी असंल. वळून बघितलं तर प्राची. ती आईबरोबर काठावरच्या घराच्या दारात बसून कांदा फोडून भाकरी खात होती आणि काहीतरी सांगता सांगता हसत होती. हे हसणं आपल्या घरात वर्षभरात एकदाही आपण ऐकलेलं नाही, हे आप्पासाहेबांच्या आत्ता ध्यानात आलं. आणि तिची ओढणी खांद्यावरनं सरळ खाली लोंबत होती. वाऱ्यानं टोक उडून तोंडाशी आलं, तर तिनं ते नुसतं बाजूला सारलं.

आप्पासाहेब ते टोक बघतच राहिले. घोडीला कुलूप त्यांनी आठवड्यापूर्वी लावलं होतं. या पोरीला केव्हा लावलं होतं? फोन केला की कान टवकारले, बाहेर गेली की फटीला डोळा लावला, गप्प बसली तरी टिपून ठेवलं. पोरीनं चावायचं नाही तर काय करायचं?

गेणबा तात्या चहा घेऊन आला. त्याचाही चेहरा पडलेला होता. "पाव्हणं, एक डाव सरळ सांगा. चार माणसांत तुमी खोडीचा शब्द काढलाय. घोडी ठिवून घेऊ? पोरीला बी ठिवून घेऊ?"

काठावरची माणसं ऐकत होती. दिग्विजय गाडीला टेकून उभा होता, तो बापाकडं बघत नव्हता. आप्पासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. चार माणसांत काढलेला शब्द चार माणसांतच मागं घ्यावा लागतो, एवढी रीत त्यांना माहीत होती.

"गेणबा," ते म्हणाले, पाव्हणं न म्हणता नुसतं गेणबा, "घोडीत खोड न्हाय. पोरीत बी न्हाय. खोड पिंपळीत हाय, माज्या घरात, आन्‌ ती मी रोज अंगरख्यात घालून हिंडतोय. जित्याची खोड हाय बाबा, मेल्याबिगर जायाची न्हाय. पर..." त्यांनी टोपी नीट केली. "कमी करता आली तर बगतो. पोरीला म्हणावं, घरी चल. घोडीला घेऊन चल."

प्राचीनं हातातली भाकरी संपवली. सावकाश संपवली, घाई केली नाही. मग उठून म्हणाली, "कुलूप?"

आप्पासाहेबांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.

निघताना पिकअपमध्ये शेवंताच्या पायाशी गेणबानं कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. गाडी हलली. मागनं आवाज येत होता, पण तो पाचोळा तुडवल्यासारखा, चघळण्याचा. भिगवणच्या पुढं आली आणि प्राचीचा फोन वाजला.

आप्पासाहेबांचा कान आपसूक तिकडं वळला. कुणाचा असंल? आत्ताच तर निघालो. एवढ्यात काय बोलायचं राहिलंय? त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते ओशाळले. प्राची फोन हातात धरून त्यांच्याकडंच बघत होती.

"उचल की," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. वाऱ्याच्या घूं घूं आवाजात आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. डोळ्यांत धूळ जात होती, टोपी हातानं धरावी लागत होती, तरी बारामतीपर्यंत त्यांनी ती काच वर केली नाही.